जिभेवरची माती

आमचे आजोबा भालकीचे. निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकले आणि मास्तर झाले. त्यांची सनद पत्र्याच्या पेटीत, तांबड्या फडक्यात बांधलेली असे. बिदरला गेलो की ते आम्हा नातवंडांना आधी महमूद गवानच्या मदरशासमोर उभं करत. १४७२ चं बांधकाम, उरलेला एकच मिनार, भिंतीवर निळ्या फरश्यांचे तुकडे. ‘इराणातून आलेला माणूस बहमनींचा वजीर झाला, त्यानं एवढी विद्या इथं गोळा केली. आणि गेला कशानं? कागदानं.’

मग गोष्ट. विरोधकांनी वजिराचा शिक्का सांभाळणाऱ्याला फितवून कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली आणि वर ओडिशाच्या राजाला लिहिलेलं फितुरीचं पत्र रचलं. सुलतानानं मोहोर ओळखली, माणूस ओळखला नाही. १४८१ साली गवानाचं डोकं उडवलं.

दुसरी गोष्ट ते घरी सांगत, आणि ती त्यांची स्वतःची होती. तरुणपणी बिदरी काम करणाऱ्या एका उस्तादांकडे त्यांची ऊठबस होती. जस्तात थोडं तांबं मिसळून भांडं ओततात, मोरचुदानं काळं करून त्यावर नक्षी कोरतात, खाचांत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवलं की धातू काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच लखलखते. मातीतल्या क्षारांची ही करामत, हे आजोबांनी कुठंतरी वाचलं होतं. किल्ल्याची माती ती किल्ल्याची माती, असं म्हणून त्यांनी तटाजवळची पिशवीभर उकरून नेली.

उस्तादांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकली. ‘मास्तर, इसको धूप लग गई.’ ज्या मातीनं वर्षानुवर्षं ऊन-पाऊस पाहिलेला नाही, तीच चालते. आजोबांनी विचारलं, तुम्हाला चवीवरून नक्की कळतं? ते म्हणाले, कालची कळली होती, आजची चाखल्याशिवाय कसं सांगू? चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस प्रत्येक वेळी नव्यानं चाखत होता. त्यांना लिहिता येत नव्हतं. सही म्हणून ते अंगठा देत.

१ नोव्हेंबर १९५६ ला बिदर जिल्हा फाटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं मुंबई राज्यात गेले, भालकी, औराद, बसवकल्याण इकडं म्हैसूर राज्यात आले. आजोबांची बहीण उदगीरला, म्हणजे परराज्यात. शाळेचे कागद आता कन्नडात येऊ लागले. तांबड्या फडक्यातल्या सनदेच्या जोरावर त्यांना ‘ಅ’ सुद्धा वाचता येईना. बरोबरीचे काही मास्तर चिडून बसले, आणि त्यांचं दुःख खरं होतं. एका रात्रीत माणूस अडाणी ठरावा, हा अन्यायच. आजोबा मात्र पाटी घेऊन पहिलीच्या मुलांशेजारी बसले. अक्षर चुकलं की एक सात वर्षांची पोर त्यांचा हात धरून गिरवून घ्यायची. त्या पोरीला ते शेवटपर्यंत ‘बाई’ म्हणत, अहोजाहो करत.

बिदरीच्या कारागिरांपैकी शाह रशीद अहमद कादरींना २०२३ साली पद्मश्री मिळाली. बातमी वाचली तेव्हा मला आजोबांचे उस्ताद आठवले, ज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही. आमच्या घरी त्यांच्या हातचं एक पानदान आहे. साठ-सत्तर वर्षं झाली, काळा रंग अजून उडालेला नाही.