तारेतून गाळलेलं वाक्य

परवा पाचोडच्या घरातली आवराआवर करताना आप्पांच्या ट्रंकेत एक घडी घातलेला कागद सापडला. 1973 साली आजोबा गेले, तेव्हा लंडनला असलेल्या काकांना केलेल्या तारेचा हा कच्चा मसुदा. इंग्रजीत तीन ओळी. ‘वडील वारले’ एवढी बातमी ठेवलीय, आणि खालच्या एका वाक्यावर काट मारलीय. ‘शेवटपर्यंत तुझी आठवण काढत होते’ अशा अर्थाचं. बाजूला शब्दांचा हिशोब. परदेशी तारेत पत्त्यातल्या शब्दांचेही पैसे पडत, मग काट कुठे मारणार?

तो कागद पाहिल्यापासून या तारा जायच्या तरी कशा, हे डोक्यात घोळत होतं. वाचायला बसलो तर गोष्ट थेट आमच्या खडकी-दौंडला येऊन पोचली!

1870 साली मुंबईहून एडन, सुएझमार्गे समुद्रातून केबल गेली आणि विलायतेशी बोलणं काही तासांवर आलं. पण केबल कंपन्या म्हणतील तो दर. त्यांना खरा धक्का दिला मार्कोनीच्या ‘बीम’ बिनतारी सेवेनं. उंच मनोऱ्यांवर तारांचं जाळं टांगायचं आणि आखूड लहरी चहूकडे न उधळता, बॅटरीच्या झोतासारख्या एकाच दिशेला सोडायच्या. त्यामुळे वीज कमी लागे आणि खर्चही आटोक्यात राही. भारत-इंग्लंड सेवेचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी 23 जुलै 1927 रोजी केलं. संदेश पाठवायचं केंद्र खडकीला आणि घ्यायचं दौंडला. शेजारी ठेवली असती तर आपल्याच आवाजात समोरच्याचं बोलणं बुडालं असतं.

गिऱ्हाइकाला यातलं काहीच दिसत नसे. तो नेहमीच्या तारघरात फॉर्म भरून देई. तार मुंबईला जाई, तिथून जमिनीवरच्या तारेनं खडकीला आणि खडकीहून लहरींवर स्वार होऊन इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्केगनेसला. पुढे लंडनपर्यंत पुन्हा तारच! ‘बिनतारी’ म्हणायचं, पण दोन्ही टोकांना तारा होत्याच.

बिनतारी स्वस्त पडू लागली तशा केबल कंपन्या हवालदिल झाल्या. साम्राज्याच्या दृष्टीनं केबल टिकायला हव्या होत्या, म्हणून 1928 मध्ये परिषद भरली आणि 1929 मध्ये दोन्ही धंदे एका कंपनीखाली आणले गेले. भारतातही 1932 मध्ये तेच झालं. म्हणजे दर पाडणारा प्रतिस्पर्धी घरातच घेऊन टाकला.

आमचं पाचोड तेव्हा निजामाच्या राज्यात. निजामाचं स्वतःचं टपालखातं होतं, पण त्याची तिकिटं राज्याबाहेर चालत नसत. मुंबईच्या पत्राचीच ही कथा, तिथे विलायतेची तार कुणाला सुचणार? पुढे 1947 साली परदेशी तारांचं काम सरकारनं हाती घेतलं, 1971 मध्ये आर्वीचं उपग्रह केंद्र सुरू झालं. तरीही पैसे शब्दागणिकच मोजले जात.

त्या दिवशी आप्पा एस.टी.नं औरंगाबादला गेले आणि तार करून संध्याकाळी परतले. गाळलेलं वाक्य पत्रात लिहू म्हणाले होते. दिवस झाले, शेतीची कामं आली, वाटण्या आल्या, आणि ते राहूनच गेलं. काका पाच वर्षांनी आले तेव्हा ओट्यावर बसून आप्पांनी सांगितलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "मला वाटलं, माझ्यावर रागावूनच गेले."

मी तेव्हा लहान होतो. त्या बोलण्याचा अर्थ हा कागद हातात आल्यावर कळला.

असो. जुलै 2013 मध्ये आपल्याकडची तारसेवा बंद झाली. आप्पा नाहीत, काकाही नाहीत. कागदाचा फोटो काढून काकांच्या मुलीला पाठवला, आणि काट मारलेली ओळ खाली पुन्हा नीट लिहून दिली. तुमच्याही घरी अशा जुन्या तारा असतील तर रद्दीत घालू नका, मंडळी.