बाळाचा श्वास कोणी मोजायचा? विदर्भातील बालआरोग्य संशोधनाचा इतिहास

नागपूरच्या उत्तरेला, कामठी तालुक्यातल्या कोराडीत 1974 मध्ये औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. त्या वेळी ग्रामीण भागातील मुलांसाठी सरकारी व्यवस्था होती ती प्राथमिक आरोग्य केंद्राची. 1946 च्या भोर समितीने तिची कल्पना मांडली होती आणि 1952 पासून देशभर ती केंद्रे उभी राहू लागली. केंद्रात डॉक्टर असे, परिचारिका असे, औषधांचा साठा असे. आजारी मूल मात्र केंद्रात नसे, ते घरी असे. कोराडीसारख्या शहराला लागून असलेल्या गावातून नागपूरचे मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालये गाठता येत. चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यात, जिथे पुढे 1982 मध्ये स्वतंत्र गडचिरोली जिल्हा झाला, तिथे पावसाळ्यात नाले भरले की दवाखान्याची वाटच बंद होई. या अंतरावर उपाय शोधण्याचे काम पुढच्या पन्नास वर्षांत विदर्भात झाले आणि त्याचा मोठा भाग संशोधनातून आला. त्यातून सापडलेली औषधे नवी नव्हतीच. ती कोणाच्या हातात द्यायची, हा खरा वादाचा विषय होता.

हा वाद विदर्भाच्या आधी इतरत्र सुरू झाला होता. पंजाबातील नारंगवाल येथे अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे कार्ल टेलर यांनी 1960 च्या दशकात आणि पुढे 1974 पर्यंत खेड्यांत प्रयोग केले. त्यात गावपातळीवरील आरोग्यसेविका न्यूमोनिया झालेल्या मुलांना पेनिसिलिन देत. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर शिरेतून द्यायच्या सलाइनचा साठा संपत आलेला होता. त्यांनी मीठ-साखरेचे द्रावण रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. कॉलऱ्याच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 3.6 टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडच्या खेड्यांत निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करत होते. या साऱ्या कामाचे महत्त्व 1978 च्या अल्मा-आटा येथील प्राथमिक आरोग्य परिषदेने मान्य केले. तरी ‘अडाणी बाईच्या हाती औषध’ ही कल्पना वैद्यकीय महाविद्यालयांच्या गळी उतरलेली नव्हती.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघेही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतल्यावर त्यांनी 1985 च्या डिसेंबरात ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि 1986 पासून गडचिरोलीत काम सुरू केले. सुमारे शंभर गावांत त्यांनी पहिल्यांदा जन्म आणि मृत्यू मोजायला घेतले. हे काम दिसते तितके सोपे नसते. घरात जन्मून दोन दिवसांत गेलेल्या बाळाची नोंद करायला कोणी ग्रामपंचायतीत जात नाही. आई-बापही पुष्कळदा त्याचा उल्लेख टाळतात. घरोघरी विचारपूस करून, मृत्यूपूर्वीची लक्षणे ऐकून कारण ठरवले, तेव्हा न्यूमोनिया हे बालमृत्यूचे सर्वांत मोठे कारण निघाले.

न्यूमोनिया ओळखायला तोवर स्टेथोस्कोप आणि एक्स-रे लागत असे. पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणारे डॉ. फ्रँक शॅन यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की खोकला असलेल्या मुलाचा श्वास वेगाने चालत असेल तर फुप्फुसात न्यूमोनिया असण्याची शक्यता मोठी असते, आणि बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आजार गंभीर असतो. म्हणजे निदानासाठी छाती उघडी करून मिनिटभर पाहणे पुरे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने वयानुसार सीमा ठरवल्या: दोन महिन्यांखाली मिनिटाला 60, एक वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40.

गडचिरोलीत मात्र याही सोप्या पद्धतीत एक अडचण होती. गावातली जी दाई बाळाजवळ सर्वांत आधी पोहोचत असे, तिला साठपर्यंत मोजता येत नसे. तिला अंक शिकवत बसण्यापेक्षा संशोधकांनी उपकरणच बदलले. एका चौकटीत मण्यांच्या दोन ओळी आणि शेजारी मिनिटभर चालणारी वाळूची घडी. एक ओळ तान्ह्या बाळांसाठी, दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत वेळ आली तर न्यूमोनिया आहे असे समजायचे. या ‘श्वासमापका’चा शोधनिबंध 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय बालरोगशास्त्राच्या इतिहासात याहून महागडी यंत्रे पुष्कळ आली. याच्याइतकी नेमकी गरज ओळखून बनवलेली थोडीच असतील.

1988 पासून 58 गावांत हा प्रयोग चालला आणि 44 गावे तुलनेसाठी ठेवली गेली. दाया, गावातील आरोग्यसेवक आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांना न्यूमोनिया ओळखून कोट्रायमॉक्सॅझोल द्यायला शिकवले. आई-बापांना धोक्याची लक्षणे समजावली. 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. उपचार मिळालेल्या 612 न्यूमोनियाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण 0.8 टक्के होते, तर तुलनेच्या गावांत 13.5 टक्के. पाच वर्षांखालील मुलांत न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजारी 8.1 आणि 17.5, असा फरक होता. एकूण अर्भकमृत्यू दर 121 च्या तुलनेत 89 राहिला.

हा 89 चा आकडाच पुढचा प्रश्न घेऊन आला. न्यूमोनियावर औषध पोहोचले तरी मुले मरतच होती, आणि मरणारी बहुतेक बाळे पहिल्या महिन्यातली होती. तेव्हाची वैद्यकीय समजूत अशी की नवजात बाळाचे आजार रुग्णालयाबाहेर सांभाळता येत नाहीत. खेड्यातल्या घरात नेमके काय घडते हे मात्र कोणी पाहिलेले नव्हते. ‘सर्च’ने 39 गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना निवडून त्यांना निरीक्षणाचे शिक्षण दिले. 1995-96 या वर्षात त्यांनी 763 बाळांना जन्मापासून अठ्ठावीस दिवस पाहिले. सुमारे 95 टक्के बाळंतपणे घरी झाली होती. निम्म्याहून अधिक, 54 टक्के, बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली. डॉक्टरने पाहिले फक्त 2.6 टक्के बाळांना. रुग्णालयात दाखल झाली 0.4 टक्के. ही आकडेवारी समोर असताना ‘बाळाला रुग्णालयात पाठवा’ हा सल्ला देणे म्हणजे काहीच न करणे होते.

पुढच्या दोन वर्षांत याच स्त्रियांना, ज्यांना नंतर ‘आरोग्यदूत’ म्हटले गेले, उपचारही शिकवले. बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, तासाभरात स्तनपान सुरू करून देणे, वजन आणि तापमान घेणे, जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, ही कामे कोणाला खटकली नाहीत. खटकले ते जेंटामायसिनचे इंजेक्शन. जंतुदोष झालेल्या बाळाला खेड्यातली बाई सुई टोचणार, ही गोष्ट अनेक डॉक्टरांना बेजबाबदार वाटली. यावर संस्थेने काटेकोर नियम बांधले. दूध ओढणे कमी किंवा बंद होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय लुळे पडणे, बाळ गार लागणे, पोट फुगणे किंवा उलट्या, छाती आत ओढली जाणे आणि नाळेजवळ पू, या सात लक्षणांपैकी कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष मानायचा. आधी रुग्णालयाचा सल्ला द्यायचा. घरच्यांनी नकार दिला तर लेखी संमतीने उपचार सुरू करायचा.

1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास छापला. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यू दर हजारी 62 वरून 25.5 वर आला होता. 47 तुलनेच्या गावांत तो 59.6 होता. जंतुदोष झालेल्या बाळांतील मृत्यू 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर उतरले. या सेवेचा खर्च दर बाळामागे सुमारे 5.3 डॉलर पडला आणि अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. तुलनेची गावे या सेवेविना राहिली, हा नैतिक आक्षेप अशा प्रत्येक चाचणीला चिकटलेला असतो. त्या गावांना चालू सरकारी सेवा मिळत होत्याच, हे त्यावरचे उत्तर पटण्यासारखे आहे. पण आक्षेप त्याने पूर्ण मिटत नाही.

गडचिरोलीबाहेर हे चालेल का, हा पुढचा प्रश्न. त्याआधी राज्यात बालमृत्यू किती होतात यावरच मतभेद होते. 2001 मध्ये राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागात मोजणी करून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. त्यानुसार महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे 1.75 लाख बालमृत्यू होत असावेत आणि सरकारी नोंदीत त्यांतले थोडेच दिसत होते. मेळघाटातील मृत्यूंमुळे हा विषय विधिमंडळात आणि न्यायालयात आधीच गेला होता. सरकारने डॉ. बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दरम्यान ‘अंकुर’ प्रकल्पातून राज्यातील सात ठिकाणी, ग्रामीण, आदिवासी आणि झोपडपट्टी अशा वेगवेगळ्या वस्त्यांत, हीच पद्धत इतर संस्थांनी राबवली आणि नवजात मृत्यू दर सुमारे निम्म्यावर आला. बांगलादेशातील सिल्हेटच्या चाचणीतही 2008 मध्ये घरभेटींनी 34 टक्के घट दिसली. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळासाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली.

भारतात 2005 पासून ‘आशा’ या गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्तीची नेमणूक सुरू झाली होती. 2011 मध्ये घरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम देशभर लागू झाला आणि तो आशांच्या खांद्यावर आला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, आणि सर्व भेटींसाठी 250 रुपये. गडचिरोलीच्या पद्धतीतून एक गोष्ट वगळली गेली, ती म्हणजे इंजेक्शन. 2014 मध्ये जेंटामायसिन देण्याची परवानगी एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातील परिचारिकेला, मिळाली, आशेला नाही. ज्या घटकामुळे मृत्यू सर्वांत अधिक घटले असावेत, त्यांतला एक घटक बाजूला ठेवून कार्यक्रम मोठा करणे ही प्रशासनाची सावधगिरी समजण्यासारखी आहे; तिची किंमत मात्र दुर्गम पाड्यांनी मोजली.

याच सुमारास नागपुरात संशोधनाचा वेगळा प्रवाह वाढत होता. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. अर्चना पटेल आणि लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन यांनी ‘ग्लोबल नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय गटाबरोबर नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या क्षेत्रांत गरोदरपणापासून प्रसूतीनंतर बेचाळीस दिवसांपर्यंतची नोंदवही ठेवली. गडचिरोलीत मोजणी एका संस्थेची होती. इथे ती सरकारी केंद्रांच्या भोवती झाली. छाती आत ओढली जाणाऱ्या न्यूमोनियासाठी तोंडाने अमॉक्सिसिलिन देऊन घरी उपचार करणे रुग्णालयाइतकेच सुरक्षित आहे का, यावरच्या भारतीय अभ्यासाचे नेतृत्व याच गटाकडे होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये अशा मुलांना घरी तोंडाने औषध देण्याची शिफारस केली. नागपुरातील रुग्णालयांत बाळंत झालेल्या मातांना दर आठवड्याला फोन करून सल्ला दिला तर निव्वळ स्तनपान टिकते, हेही 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

अपयशही तितकेच शिकवणारे होते. न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचे ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ प्रशिक्षण बेळगाव, नागपूर आणि केनियातील एल्डोरेट येथे प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिले गेले. 2016 मध्ये आलेल्या निष्कर्षांत मृत्यू दरात सर्वत्र सारखी घट दिसली नाही. प्रशिक्षणानंतर काही महिन्यांत हातातले कसब उतरते आणि उजळणी घेतली की परत येते, हे मात्र स्पष्ट झाले. एकदा वर्ग घेऊन प्रमाणपत्र वाटण्याच्या सरकारी पद्धतीवर याहून ठोस टीका दुसरी नसेल.

आजच्या कोराडीत हा सारा इतिहास आशेच्या पिशवीत आहे: थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ. बाळंतपण बहुतेक रुग्णालयात होत असल्याने तिची पहिली भेट तिसऱ्या दिवशी पडते. 2018 पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली आहे. धूर आणि सूक्ष्म कण हे लहान मुलांच्या न्यूमोनियाचे मान्य झालेले कारण आहे; त्यामुळे वीज केंद्राशेजारच्या वस्तीत श्वास मोजण्याच्या जुन्या पद्धतीची गरज उरलेलीच आहे. 2020 च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर 16 आणि नवजात मृत्यू दर 11 होता. उरलेल्या मृत्यूंत अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांचा वाटा मोठा आहे. त्यांच्यासाठी संशोधन पुन्हा रुग्णालयाच्या आत वळले आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय सामील असलेल्या चाचणीत जन्मानंतर लगेच बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवल्याने मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. तिथेही अडचण यंत्राची नव्हती. नवजात अतिदक्षता कक्षात आईला थांबू द्यायचे की नाही, यावर निर्णय अडला होता.