काशीचा किनारा कुणी बांधला? नावेतून वाचायचा मराठ्यांचा इतिहास (धागा)

काशीला गेलेला प्रत्येक जण पहाटेच्या नावेतून घाट पाहतो आणि एकच वाक्य घेऊन परततो: "हजारो वर्षांपासून हे असेच आहे." नगरी पुरातन आहे, यात वाद नाही. मात्र नावेतून डोळ्यांना जो सलग पाषाणकिनारा दिसतो, त्याचा फार मोठा भाग अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. तो उभा करण्यात सर्वांत मोठा वाटा मराठ्यांचा होता. आणि गंमत अशी, की काशीवर मराठ्यांची सत्ता एक दिवसही नव्हती.

धागा थोडा मोठा आहे. नावेत बसूनच वाचू.

प्रथम एक व्यावहारिक सूचना. सामायिक मोठ्या बोटीत बसू नका. चार मित्र मिळून एक लहान वल्ह्यांची नाव स्वतंत्र ठरवा, भाडे आधीच बोलून घ्या आणि नावाड्याला सांगा, "किनाऱ्याजवळून, सावकाश." अस्सी घाटापासून निघावे. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि सारे घाट पश्चिम तीरावर, पूर्वाभिमुख. त्यामुळे अस्सीहून निघालेली नाव प्रवाहाबरोबर जाते आणि सूर्य उगवताच समोरचा दगड न् दगड उजळतो. पावसाळ्यात पूर आला की नावा बंद असतात. हिवाळ्यात पाणी उतरलेले असते, म्हणून खालच्या पायऱ्याही दिसतात. इतिहास पाहायचा तर तोच काळ बरा.

हा दगड चुनारचा. चुनार प्रवाहाच्या वरच्या अंगाला, त्यामुळे दगड नावांत भरून प्रवाहाबरोबर खाली आणणे सोयीचे होते. मूळ तीर उंच, मातीचा. दरवर्षीचा पूर तो पोखरत असे. त्यावर नुसत्या पायऱ्या रचून भागत नाही. म्हणून पाण्यात पुढे आलेले अष्टकोनी बुरूज, त्यांच्यामागे भरीव तट, वर वाडा किंवा देऊळ अशी रचना झाली. नावेतून पाहताना वाडा किल्ल्यासारखा का वाटतो, याचे उत्तर शत्रूच्या तोफांत शोधू नये. ते गंगेच्या पुरात आहे.

याआधी तीरावर काहीच नव्हते, असे मात्र समजू नका. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आलेला इंग्रज प्रवासी राल्फ फिच आणि १६६५ साली आलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये या दोघांनीही नदीकाठच्या देवळांचे वर्णन केले आहे. देवळे होती, ठिकठिकाणी पायऱ्याही होत्या. मैलोगणती सलग बांधलेला किनारा ही नंतरची गोष्ट.

अस्सी सोडताच तुळशी घाट येतो. गोस्वामी तुलसीदास १६२३ साली येथेच निवर्तले, अशी परंपरा. त्याच परिसरातील भदैनी मोहल्ल्यात झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान दाखवतात. मोरोपंत तांबे काशीत काय करत होते? तर ते दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या पदरी होते. १८१८ साली पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेला, चिमाजी अप्पा काशीला आले. मणिकर्णिका हे मुलीचे नाव या किनाऱ्यावरूनच उचललेले आहे.

पुढे शिवाला येथे चेतसिंहाचा वाडा. इथे नाव थोडी थांबवा. १७७५ साली अवधच्या नवाबाने बनारसचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीला दिला आणि राजा चेतसिंह कंपनीचा मांडलिक झाला. ठरलेल्या खंडणीखेरीज वॉरन हेस्टिंग्जने १७७८ पासून वर्षाला ५ लाख जादा मागितले, मग घोडदळ मागितले आणि अखेर ५० लाख दंड ठोठावण्याच्या इराद्याने तो स्वतःच काशीत आला. १६ ऑगस्ट १७८१ रोजी याच वाड्यात चेतसिंहाला अटक झाली. पहाऱ्यावरच्या शिपायांजवळ दारूगोळाच नव्हता. राजाच्या माणसांनी त्यांना कापून काढले आणि चेतसिंह नदीकडच्या खिडकीतून, एकमेकांना बांधलेल्या पागोट्यांच्या दोरावरून, खाली नावेत उतरून निसटला. हेस्टिंग्जला चुनारला पळ काढावा लागला.

आमच्या नावाड्याने ही हकीकत सांगताना खिडकीही दाखवली. तीच ती खिडकी का, हा प्रश्न मी विचारला नाही. हकीकत तर खरी होती. तिचा शेवट मात्र तो सांगत नाही, तो आपण लक्षात ठेवू. राज्य गमावलेल्या चेतसिंहाला आसरा मिळाला तो ग्वाल्हेरला, महादजी शिंद्यांकडे. तिथेच १८१० साली त्याचा अंत झाला.

हरिश्चंद्र घाटावरच्या चिता आणि केदार घाटावरचे दाक्षिणात्य यात्रेकरू मागे पडले की राजा घाट लागतो. हा 'राजा' म्हणजे अमृतराव पेशवे. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र. १८०२ च्या धामधुमीत यशवंतराव होळकरांनी त्यांना पुण्यात पुढे आणले, पण १८०३ साली ते इंग्रजांशी तह करून ७ लाखांच्या वार्षिक नेमणुकीवर बाजूला झाले. त्यातला पैसा येथे दगडात उतरला. पुण्याच्या राजकारणातून बाहेर पडलेली अशी कितीतरी माणसे या तीरावर येऊन स्थिरावली. तीर्थ म्हणूनच नव्हे, सन्मानाने राहता येईल अशी जागा म्हणूनही काशी त्यांना सोयीची होती.

मग मुनशी घाट आणि त्याला लागून दरभंगा घाट. उंच खांबांचा तो देखणा वाडा नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर मुनशी यांनी बांधला. त्याचा काही भाग पुढे दरभंग्याच्या राजांनी घेतला आणि नाव बदलले. आज तेथे महागडे हॉटेल आहे. पुढचाच घाट अहिल्याबाईंचा.

अहिल्याबाईंविषयी लिहावे तितके थोडे. येथे फक्त काशीपुरते. औरंगजेबाने १६६९ साली विश्वेश्वराचे मंदिर पाडले. त्यानंतर शतकभर मोठे मंदिर उभे राहिले नाही. १७४२ साली मल्हारराव होळकर फौजेसह या प्रांतात आले असता मंदिर पुन्हा उभारण्याचा मनसुबा त्यांनी केला. तेव्हा घाबरले ते काशीतले दाक्षिणात्य ब्राह्मणच! फौज आज आहे, उद्या निघून जाईल. बादशाही अंमलाचा राग आम्हाला सोसावा लागेल, ही त्यांची भीती. ती अगदीच अनाठायी होती, असे म्हणता येत नाही. जे सासऱ्यांना सैन्य घेऊन जमले नाही, ते सुनेने १७८० च्या सुमारास शेजारच्या जागेवर शांतपणे घडवून आणले. आजचे विश्वनाथ मंदिर ते हेच. तोवर काशीत कंपनीचा अंमल सुरू झाला होता आणि माळव्यातल्या महेश्वरात बसून अहिल्याबाई गंगेकाठचे काम करवून घेत होत्या.

पेशव्यांची ओढही याहून कमी नव्हती. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ साली काशीयात्रेस निघाल्या, तेव्हा वाटेवरच्या रजपूत राजांनी त्यांचा सत्कार केला. मराठ्यांचा शत्रू महंमदखान बंगश यानेही त्यांना सन्मानाने वाट दिली. तीस-चाळीस वर्षांपूर्वी ज्यांचे राज्य बुडते की काय अशी स्थिती होती, त्यांच्या घरातली वृद्ध स्त्री उत्तरेत अशी फिरते, हे त्या काळी कुणाच्याही नजरेतून सुटले नसेल. पुढे नानासाहेबांच्या पत्रव्यवहारात काशी-प्रयाग हस्तगत करण्याचा विषय पुन्हा पुन्हा येतो. अवधच्या नवाबांशी झालेल्या बोलण्यांत तो कित्येकदा निघाला. १७६१ साली पानिपतावर त्या आशेचा बहुतेक शेवट झाला.

'काशीस जावे नित्य वदावे' ही म्हण आपण हसत वापरतो. पेशव्यांच्या बाबतीत तिच्यात राजकारणही होते.

दशाश्वमेध घाट पेशव्यांनी व अहिल्याबाईंनी बांधून काढला. (संध्याकाळची भव्य आरती मात्र आजच्या स्वरूपात काही दशकांचीच आहे, तिलाही 'हजारो वर्षांची' म्हणणारे भेटतील.) लगेच पुढे मानमंदिर घाट. आमेरच्या मानसिंहाचा वाडा आणि त्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाची वेधशाळा. म्हणजे किनारा एकट्या मराठ्यांचा नाही, हेही येथेच दिसते. बंगालच्या राणी भवानी, रजपूत राजे, नेपाळचे राजघराणे, स्वतः काशीनरेश, धनाढ्य गोसावी अशा अनेकांची नावे या पायऱ्यांवर आहेत. काशी विद्यापीठात शिकवलेले आपले इतिहासकार अनंत सदाशिव अळतेकर यांनी अर्वाचीन काशी ही मोठ्या प्रमाणात मराठ्यांची निर्मिती असल्याचे प्रतिपादन केले. ते मला मान्य आहे, फक्त 'मोठ्या प्रमाणात' हे शब्द गाळू नयेत. समाजमाध्यमांवर ते हमखास गळतात.

मणिकर्णिकेच्या चितांपाशी कॅमेरा खाली ठेवावा. या घाटाचे काम बाजीरावांच्या काळात सुरू झाले आणि अहिल्याबाईंनी ते पुन्हा करवले.

आता ज्याच्यासाठी सारे छायाचित्रकार नाव थांबवतात, ते कललेले रत्नेश्वर मंदिर. नावाडी सांगेल, मुलाने आईचे ऋण फेडल्याची बढाई मारली, आईने शाप दिला आणि देऊळ कलले. कथा सुंदर आहे. पण शेजारीच पाहा. येथला शिंदे घाट दौलतरावांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास बांधवला. त्या वेळी त्या ग्वाल्हेरचा कारभार पाहत होत्या. बांधकाम इतके अवजड झाले की तीराची माती ते पेलू शकली नाही, घाट खचला. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधावा लागला. मंदिर आणि घाट एकाच मऊ मातीवर उभे आहेत. शापाचा शोध घेण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

बायजाबाईंनी १८२८ साली ज्ञानवापी विहिरीभोवती खांबांचा मंडपही उभारला. १८३३ साली दत्तक पुत्र जनकोजींशी झालेल्या संघर्षात त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. ज्या बाईचे राज्य गेले, तिचे नाव तिच्या खचलेल्या घाटाशी आजही जोडलेले आहे.

भोसले घाट, मग राम घाट, मग बालाजी घाट. या पेशवेकालीन बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षे शहनाईचा रियाज करत. नावाड्याला याचा फार अभिमान, आणि तो रास्त आहे.

पंचगंगा घाटावर आपला प्रवास संपवू. ताव्हर्नियेने पाहिलेले बिंदुमाधवाचे विशाल मंदिर येथे होते. ते पाडून औरंगजेबाच्या काळात मशीद झाली. तिचे उंच मिनार दूरवरून दिसत आणि लोक त्यांना 'माधवाचा धरहरा' म्हणत. देऊळ गेले तरी देवाचे नाव मशिदीच्या मिनारांना चिकटले. हे मिनार कलू लागले तेव्हा टाकसाळीतला इंग्रज अधिकारी जेम्स प्रिन्सेप याने त्यांची डागडुजी केली. पुढे ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप तो हाच. १९४८ साली त्यांतला एक कोसळला. आजचे बिंदुमाधवाचे छोटे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले, जवळच. बाहेरून ते घरासारखे दिसते. नावेतून तर ओळखूच येत नाही.

घाटावर अहिल्याबाईंचा दगडी हजारा दीपस्तंभ आहे. कार्तिकात तो उजळतो. एरवी त्याच्या दगडी खोबणींत पारवे बसलेले असतात.

येथून पुढे दुर्गा घाट, ब्रह्मा घाट ही मराठी माणसांची जुनी वस्ती. त्याही आधीपासून मराठी विद्वान काशीत होते. १५७३ साली एकनाथांनी आपले भागवत काशीतच पूर्ण केले. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायण भट्टांच्या प्रेरणेने अकबराच्या काळात विश्वेश्वराचे मंदिर उभे राहिले होते. १६७४ साली शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्यांचेच पणतू. फौजा येण्यापूर्वी पोथ्या आल्या होत्या, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. वर चढून या गल्ल्या पायी पाहा. वाड्यांचे चौक, ओवऱ्या, दारावरचे गणपती ओळखीचे वाटतील.

नाव परत अस्सीकडे न्यायची असेल तर वेळ हाताशी ठेवा. प्रवाहाविरुद्ध वल्हवताना जाण्याच्या दुप्पट वेळ सहज लागतो आणि नावाडी किनारा सोडून मध्यभागी येतो. तेथून सारे घाट एका ओळीत दिसतात. पुण्याचे, इंदूरचे, ग्वाल्हेरचे, नागपूरचे, औंधचे. जिवंतपणी या घराण्यांचे आपसात फारसे पटले नव्हते.