रेचा, जिन आणि बनी कापूस

औद्योगिक क्रांती म्हटली की पाठ्यपुस्तकात मँचेस्टर येते, वाफेचे इंजिन येते. वेल्समधील मर्थर टिडफिलचाही उल्लेख असतो. तेथील लोखंडाच्या कारखान्याच्या रुळांवर १८०४ साली रिचर्ड ट्रेव्हिथिकचे वाफेचे इंजिन धावले. लोखंड आणि कोळशाच्या मागे खेड्यांतली माणसे तिथल्या खोऱ्यांत जाऊन वसली आणि जाताना आपली भाषा, प्रार्थनामंदिरे व समूहगायन बरोबर घेऊन गेली. यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावच्या पंचक्रोशीत, यंत्र निराळ्या वाटेने आले. इथे माणूस बहुधा गावातच राहिला. घराबाहेर गेली ती सरकी. या सरकीचा माग काढला तर विज्ञान आणि इतिहास एकाच वाटेवर भेटतात, असे आम्हाला वाटते.

राळेगाव तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. पलीकडे हिंगणघाट. नदीअलीकडचे वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि इथल्या कापसाचे भाव चढले. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. वरोऱ्याला कोळशाची खाण निघाली व तिच्यासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे लोहमार्ग टाकला गेला. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. कापूस, कोळसा, रेल्वे आणि गिरणी या चारही गोष्टी पंधरा-सोळा वर्षांत या भागाच्या आसपास जमल्या.

त्यापूर्वी कापसापासून सरकी वेगळी करण्याचे काम घरोघरी रेच्यावर होई. रेचा म्हणजे एकमेकींना चिकटून फिरणाऱ्या दोन लाटा. तंतू त्यांच्यामधून पलीकडे ओढला जातो. सरकी जाड असल्याने अलीकडेच गळून पडते. हे काम मुख्यतः बायकांचे. रुई पिंजाऱ्याकडे जाई, मग सूत निघे. जाडेभरडे कापड महार विणकर विणत, तर तलम कापडासाठी कोष्टी प्रसिद्ध होते. सरकी मात्र घरातच राही. काही गुरांना जाई आणि चांगली निवडलेली सरकी शेणमातीत चोळून पुढच्या मृगावर पेरली जाई. म्हणजे रेचा फिरवणारी बाई नकळत बियाणेही निवडत होती.

वाफेवर चालणारे जिन आले आणि ही साखळी तुटली. शेतकरी कापूस बंडीत भरून बाजारात नेई व पैसे घेऊन परते. अनेक गावांचा कापूस जिनमध्ये एकाच ढिगात पडे आणि सरकीही एकत्र होई. पेरणीच्या वेळी शेतकरी तीच मिसळलेली सरकी विकत आणी.

आता गणित पाहू. हिंगणघाटच्या परिसरातला नावाजलेला कापूस म्हणजे ‘बनी’. त्याचा तंतू लांब व मऊ, पण शंभर भाग कापसातून रुई तीस भागांपेक्षा कमी निघे. ‘जरी’ जातीचा तंतू आखूड व राठ, पण पीक आणि रुईचा उतारा जास्त. समजा, दोन्हींची सरकी निम्मी-निम्मी मिसळली आणि जरीला बनीच्या दीडपट सरकी येते. पहिल्या वर्षी जरीचा वाटा शेकडा ६०, दुसऱ्या वर्षी ६९, तिसऱ्या वर्षी ७७ होईल. कोणीही बनी नष्ट करायचे ठरवलेले नाही. केवळ मिसळण आणि पुन्हा पेरणी. शिवाय व्यापारी तंतूची प्रत न पाहता वजनावर भाव देत असेल, तर बनी जपणारा शेतकरी तोट्यातच जातो. पुढे ‘रोझियम’ हा आणखी जास्त उताऱ्याचा, पण राठ कापूस वऱ्हाडभर पसरला. निसर्गनिवडीचा धडा शिकवताना दूरच्या बेटांवरील पक्ष्यांबरोबर हे उदाहरणही घ्यावे. इथे निवड करणारी शक्ती म्हणजे बाजार.

यंत्राने कामाचे रूपही बदलले. रेच्यावरची बाई हंगामात जिनमध्ये मजुरीला जाऊ लागली. हवेत रुईची धूळ, आणि काम पहाटेपासून रात्रीपर्यंत. १८८१ चा कारखाना कायदा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता. अशा हंगामी कारखान्यांना १९११ च्या कायद्याने कक्षेत घेतले. तोपर्यंत कित्येक जिनांतल्या मजुरांना कायदा भेटलाच नाही. विणकरांवर विलायती आणि गिरणीच्या सुताचे संकट आले. ज्वारीच्या जमिनीवर कापूस वाढला, धान्यासाठी बाजारावर अवलंबून राहणे वाढले आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची किंमत मोजावी लागली.

वेल्सच्या खाणकामगारांची वस्ती एका जागी असल्याने त्यांची गाणी आणि चळवळी इतिहासात नोंदल्या गेल्या. आपला जिन-कामगार चार महिने कामगार आणि आठ महिने शेतमजूर. त्याची नोंद शोधायची तर गावातच शोधावी लागेल. तो शोध शाळा घेऊ शकते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. शेतातून १०० ग्रॅम कापूस आणावा, विद्यार्थ्यांनी हाताने सरकी काढावी, रुई व सरकी वेगवेगळी तोलावी. किती वेळ लागला तेही लिहावे. मग रेचा आणि जिन यांतले अंतर बोटांनाच कळेल. त्यानंतर घरच्या वडीलधाऱ्यांना विचारावे की पूर्वी पेरायची सरकी कोठून येई. १९७० साली आपल्या देशात संकरित कापूस आला आणि २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आज शेतकरी दरवर्षी बियाण्याची पाकिटे विकत घेतो. ही वाट पाकिटापासून नव्हे, जिनमधल्या त्या एकत्र ढिगापासून सुरू झाली. मुलांना हे कळले तर बियाणे कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न ती स्वतःच विचारतील.