दूरवेधी रायफल
दुर्बिणीच्या साहाय्याने दूरच्या लक्ष्यावर अचूक मारा करण्यासाठी निवडक नेमबाजांस देण्यात येणारी पायदळाची रायफल. दुसऱ्या महायुद्धकालीन ब्रिटिश ‘क्र. ४ मार्क १ (टी)’ हा तिचा नमुनेदार प्रकार. भारतीय सेनेनेही स्वातंत्र्योत्तर काळात ती वापरली. नेहमीच्या उत्पादनातून अचूक ठरलेल्या रायफली निवडून लंडनचे बंदूककार हॉलंड अँड हॉलंड १९४२ पासून त्यांवर क्र. ३२ ची दुर्बीण (विवर्धन ३ पट) चढवीत. या दुर्बिणीच्या तीन आवृत्त्या निघाल्या. प्रत्येक दुर्बीण ठरावीक रायफलीशीच जुळविलेली असे. म्हणून दुर्बिणीच्या पकडीवर रायफलीचा व दस्त्याच्या गळ्यावर दुर्बिणीचा क्रमांक ठोकीत. हे क्रमांक दिसायला गौण, पण ते जुळेनासे झाले, की अचूकतेची हमी राहत नसे. पकडीची पुढची बैठक हा कच्चा दुवा होता. गोळीबाराच्या धक्क्यांनी तिचे स्क्रू सैल होत. मूळ चौकट मात्र टिकाऊ ठरली. ब्रिटनने १९७० पासून तिच्यावरच ७·६२ मिमी. व्यासाची नवी जड नळी बसवून ‘एल ४२ ए १’ ही रायफल केली. ती १९९१ च्या आखाती युद्धातही वापरात होती.

भारतात ०·३०३ इंची काडतुसे खडकीच्या कारखान्यात (स्थापना १८६९) होत. १९६० नंतर सेना ७·६२ मिमी. व्यासाकडे वळली. नवे काडतूस अधिक दाबाचे असल्याने ईशापूर येथे जुन्याच धर्तीची, पण अधिक बळकट पोलादाची ‘२ ए’ रायफल तयार करण्यात आली. खानदेशात वरणगाव (जि. जळगाव) येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या कारखान्यात ७·६२ मिमी. काडतुसे होऊ लागली. हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.