जीभ घसरली म्हणजे अक्कल कमी?

परवा रात्री निवृत्ती चौकात कट्ट्यावर बसलो होतो. एका पुढाऱ्याचा व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता. गड्यानं भाषणात लाखाचे कोटी केले, मग सावरायला गेला आणि आणखीनच अडकला. पोरं हसून बेजार. एक जण म्हणाला, "असली माणसं आपल्यावर राज्य करत्यात! डोकं गहाण टाकलंय काय?"

हसलो मीही. घरी येताना मात्र वाटलं, आपण कोल्हापूरकर असून असं हसावं का? पुण्या-मुंबईत गेलो की आपलं तोंड उघडायचा अवकाश, समोरचा गालात हसतो. आपल्या हेलावरून आपली अक्कल मापली जाते, याचा आपल्याला राग येतो. आणि तीच फूटपट्टी आपण दुसऱ्याला लावतो.

म्हणून थोडं मागं जाऊन बघूया.

शेजारच्या सांगलीचे वसंतदादा पाटील. पुस्तकी शिक्षण शाळेच्या पलीकडं नाही. बोलणं गावरान, भाषणात अलंकार नाहीत. शहरातल्या शिकलेल्यांनी त्यांच्या बोलण्याची टर उडवली. पण हाच माणूस जुलै १९४३ मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडला आणि गोळी अंगावर घेतली. पुढं चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारचा. आपल्या गोकुळ शिरगावचं केआयटी त्याच वर्षीचं. त्या निर्णयानं खेड्यातली पोरं इंजिनिअर झाली आणि शिक्षणसम्राटही तयार झाले. निर्णयावर भांडा, जरूर भांडा. पण ज्यानं तो घेतला त्याला डोकं नव्हतं, असं कोण म्हणेल?

याच दादांचं १९८५ चं एक वक्तव्य बघा. मुंबई महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. दादा मुख्यमंत्री, आणि मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याचा घाट असल्याचं ते बोलून गेले. राज्यात काँग्रेस, केंद्रातही काँग्रेस. म्हणजे स्वतःच्याच पक्षावर बॉम्ब! शिवसेनेनं मुद्दा उचलला आणि महापालिका जिंकली. वरवर बघितलं तर केवढी मोठी चूक. पण पक्षातल्या मुंबईकर विरोधकांना धडा शिकवायला दादा मुद्दामच बोलले, असं मानणारे आजही कमी नाहीत.

असं जगात इतरत्रही झालंय. अमेरिकेचे आयझेनहॉवर, दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पत्रकारांसमोर त्यांची वाक्यं इतकी गुंतायची की लोक त्यांना मठ्ठ समजायचे. १९५५ मध्ये चीनजवळच्या बेटांवरून तणाव होता. त्या विषयावर प्रश्न आलाच तर आपण त्यांना गोंधळात टाकू, असं त्यांनी आपल्या प्रसिद्धी सचिवाला आधीच सांगून ठेवलं होतं. आणि केलंही तसंच.

आता उलट बाजू. आर. आर. आबा. अंजनीसारख्या खेड्यातून, गरिबीतून, कमवा आणि शिका करत वकिलीपर्यंत शिकलेले. बोलायला उभे राहिले की सभा जिंकणारे. ग्रामस्वच्छता अभियान आणि तंटामुक्त गाव या कामांवर त्यांची छाप. पण २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर, मोठ्या शहरात असा एखादा प्रसंग घडतो, अशा अर्थाचं ते हिंदीत बोलून गेले. १६६ माणसं गेली होती. १ डिसेंबरला गृहमंत्रिपद सोडावं लागलं. आबांची हुशारी त्या एका वाक्यात संपली का? नाही. पण ज्यांच्या घरात प्रेत आलं होतं, त्यांना ते वाक्य लागायचं ते लागलंच.

तसंच एप्रिल २०१३. महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरचा एक शेतकरी मुंबईत आझाद मैदानावर उपोषणाला बसला होता. इंदापूर तालुक्यातल्या सभेत अजितदादांनी त्यावरून धरण आणि लघवीचा तो विनोद केला. पुढं माफी मागितली, कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी बसून आत्मक्लेश केला. अजितदादांची कामावरची पकड विरोधकही मानायचे. म्हणजे बुद्धी कमी पडली नव्हती. त्या क्षणी कमी पडली ती दुसऱ्याच्या तहानेची जाणीव.

माझं म्हणणं एवढंच. शब्द अडकणं, आकडा चुकणं, 'न'चा 'ण' होणं, यावरून कुणाची अक्कल कळत नाही. रोज चार सभा आणि चाळीस माइक तोंडासमोर आले तर आपलीही जीभ घसरंल. काही चुका तर चुका नसतातच, डाव असतात. पण एखादं वाक्य असं असतं की त्यातून बोलणाऱ्याला कुणाचं दुःख हलकं वाटलं, ते दिसतं. त्याचा जाब मात्र मागायलाच हवा. तिथं "जीभ घसरली" ही सबब चालवून घेऊ नका.

आणि गुळगुळीत बोलणाऱ्यापासून जास्तच सावध राहा. गांधी मैदानात आपण पिढ्यान् पिढ्या सभा ऐकल्या. टाळ्या घेऊन गेलेले किती आणि काम करून गेलेले किती, याचा हिशोब पेठेतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

परवाच्या त्या पुढाऱ्याबद्दलही मी कट्ट्यावर दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, "आकडा चुकला ते जाऊ दे. पैसे आले किती आणि गेले कुठं, ते कुणाला ठाऊक आहे काय?"

कट्टा गप्प. हसण्याच्या नादात ते विचारायचं राहूनच गेलं होतं.