नकाशावरचे कथाय

प्रवासाला निघण्यापूर्वी आपण नकाशा उलगडतो, मुक्काम ठरवितो, अंतरे जुळवितो. कागदावर जे छापले आहे ते जमिनीवरही असणार, हे आपण गृहीतच धरलेले असते. चारशे वर्षांपूर्वी येशूसंघीयांनी गोव्याहून एका प्रवासाची आखणी केली, ती मात्र उलट कारणासाठी. नकाशावरचा एक देश खरोखर आहे की नाही, हेच त्यांना पाहावयाचे होते.

त्या देशाचे नाव कथाय. मार्को पोलोने तेराव्या शतकात त्याच्या वैभवाचे वर्णन केले होते. पुढे पोर्तुगीज समुद्रमार्गे चीनला पोहोचले, आणि हे राज्य कथायहून निराळे, असा समज रूढ झाला. १५७० साली प्रसिद्ध झालेल्या ऑर्टेलियसच्या नकाशासंग्रहात दोन्ही नावे आहेत : खाली चीन आणि वर कथाय.

चीनमध्ये कार्य करणाऱ्या फादर मातेओ रिच्ची यांना हे पटेना. त्यांनी बीजिंगचे अक्षांश मोजले. ते ४० अंशांच्या आसपास भरले. कथायची राजधानी नकाशे त्याहून बरीच उत्तरेला दाखवीत. नकाशेच चुकले आहेत, चीन हाच कथाय, असे त्यांनी भारतातील सहकाऱ्यांना कळविले. पण इकडे मोगल दरबारी असलेल्या फादर जेरोम झेवियर यांना एका वृद्ध मुसलमान व्यापाऱ्याने सांगितले होते, की आपण कथायमध्ये कित्येक वर्षे राहिलो असून तेथे ख्रिस्ती लोक पुष्कळ आहेत. रिच्चींचे ऐकले असते तर एक जीव वाचला असता, असे आज म्हणणे सोपे आहे. विस्मृतीत गेलेले बांधव कोठेतरी आपली वाट पाहत असतील, ही शक्यता कोणता धर्मगुरू सहज दूर सारील?

या कामी बेंतो द गोइश यांची निवड झाली. अझोर्स बेटांवर जन्मलेले हे गृहस्थ भारतात सैनिक म्हणून आले व पुढे येशूसंघात ब्रदर झाले. फारसी त्यांना अवगत होती. लाहोरपलीकडे युरोपीय नकाशे कामाचे नव्हते. वाट व्यापाऱ्यांना विचारूनच कळे. म्हणून त्यांनी आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेतला, अब्दुल्ला हे नाव धारण केले, विक्रीचा माल बरोबर घेतला. अकबराने वाटेतील राजांना पत्रे दिली व खर्चासाठी ४०० सुवर्णनाणी दिली. इसहाक नावाचा एक आर्मेनियन सोबतीला होता.

१६०३ साली लाहोरहून सुमारे ५०० माणसांच्या तांड्याबरोबर ते निघाले. काबूल, मग पामीरचे पठार, जेथे थंडीने घोडे दगावले. यारकंदला पुढचा तांडा निघेपर्यंत वर्षभर थांबावे लागले. अखेर वाटेत चालिश या गावी बीजिंगहून परतणारे व्यापारी भेटले. ते तेथे रिच्चींच्याच शेजारी उतरले होते! केरातून उचललेला पोर्तुगीज भाषेतील एक चिटोराही त्यांनी दाखविला. प्रश्न तेथेच सुटला. कथाय म्हणून वेगळा देश नव्हता.

गोइश १६०५ च्या अखेरीस चीनच्या सरहद्दीवरील सुचौ गावी पोहोचले व तेथेच अडकले. रिच्चींनी पाठविलेला माणूस मार्च १६०७ मध्ये आला तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. ११ एप्रिल रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या रोजनिशीत सहप्रवाशांना दिलेल्या कर्जाच्या नोंदी होत्या. ऋणकोंनी ती फाडून टाकली. हाती लागलेले तुकडे आणि इसहाकची आठवण यांवरून रिच्चींनी प्रवासवृत्त जुळविले. ते १६१५ साली छापून निघाले. तरीही पुढे कित्येक वर्षे नकाशे काढणाऱ्यांना कथाय पुसवले नाही.

इसहाक मात्र मकावमार्गे समुद्राने परतला. वाटेत डच लोकांच्या हाती सापडला, सुटला. पत्नी निवर्तल्याचे कळल्यावर तो पुन्हा मोगल मुलखात गेला नाही. आपल्या कोकणातील चौल येथे स्थायिक झाला. रेवदंड्याच्या पडक्या तटबंदीतून हिंडताना आम्हांला गोइशपेक्षा त्याचीच आठवण अधिक येते. साऱ्या मोहिमेची वाट आरंभापासून अखेरपर्यंत ठाऊक असलेला तो एकटाच माणूस होता, आणि तिचा नकाशा त्याला कोणी काढावयास लावला नाही.